अळणी वरण

मला चौकशीची खोड लहानपणापासून आहे. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं गाव, माहेर, सासर आणि पिशवीत काय आहे इथपर्यंत मी विचारून घेते. गावातल्या महिला दूध संस्थेत संकलनाचं काम मला मिळालं ते बहुतेक या खोडीमुळेच. दूध आलं की लॅक्टोमीटर सोडायचा, नमुना मशीनला लावायचा आणि फॅट कमी दिसली की शांतपणे विचारायचं, "काय वं काकू, म्हशीनं आज पानी जास्त पेलं व्हय?" काकू हसल्या की कळतं, पाणी म्हशीनं प्यायलेलं नाही.

अशा चौकस बाईला स्वतःच्या आजाराबद्दल घरात एक वाक्य बोलता आलं नाही. दिंद्रुडच्या आसपासच्या खेड्यांतल्या बऱ्याच जणी आता मला हळूच बाजूला घेऊन विचारतात, "घरी कसं सांगितलंस गं?" खरं म्हणजे मी सांगितलंच नाही. ते ज्या रीतीनं बाहेर आलं त्या रीतीनं कुणाच्याही घरात येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी गोळी माझ्यासाठी आणि तिचं पथ्य तिच्यापुरतं. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

फार बरं वाटणं

ज्या वर्षी पाऊस आमच्याकडे फिरकलाच नाही, त्या वर्षी दिवाळीच्या आधी मला एकाएकी फार बरं वाटायला लागलं. आजाराची सुरुवात बरं वाटण्यानं होते असं कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. झोप येईना आणि तिची गरजही वाटेना. डोक्यात कल्पनांची रीघ लागली. संस्थेनं खवा काढावा, पनीर काढावं, बायकांनी स्वतःची चारा छावणी चालवावी. उजाडायच्या आत मी घरोघर जाऊन बायकांना उठवत होते. मी बोलायला लागले की समोरचीचा चहा गार व्हायचा. ग्रामसभेत उभी राहून असं काही बोलले की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दत्ताची बायकू पुढारी व्हनार," असं गाव म्हणायला लागलं. दत्तराव म्हणजे माझे मालक. संस्थेच्या दुधाचे कॅन टेम्पोतून शीतकेंद्रावर पोचवण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांनाही आधी कौतुकच वाटलं. फक्त माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या एकदा म्हणाल्या, "पुढारी व्हय बाई, पर आदी जेवून घे."

मला आजही याचं नवल वाटतं. बाई कोपऱ्यात बसून रडायला लागली तर घर घाबरतं. तीच बाई भाषण करायला लागली तर टाळ्या पडतात. आजारी मी दोन्हीकडे सारखीच होते.

दिवाळी सरली आणि सगळं उलटं झालं. वेणी घालायला हात वर जाईना. पल्लवी, माझी लेक, शाळेतून येऊन बोलत राहायची आणि मला तिचे शब्द ऐकू यायचे, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागायचा. संस्थेत जायची, मशीन चालवायची, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. जगायचं कशाला, असं वाटायला लागलं. हे वाक्य लिहायला मला आज लाज वाटत नाही. तेव्हा ते मनातल्या मनात म्हणायचीसुद्धा भीती वाटायची.

एकदा टेम्पोत कॅन चढवून झाल्यावर मी दत्तरावांच्या शेजारी बसले आणि ते वाक्य बोलून टाकलं. त्यांनी टेम्पो बाभळीखाली उभा केला. मग म्हणाले, "दूध टाकून येऊ. मग बीडला जाऊ." एवढंच. पण त्या एवढ्यानं मी वाचले असं मी आजही धरते.

डॉक्टरांचा उलटा प्रश्न

बीडला मानसोपचाराच्या डॉक्टर बाई होत्या. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांकडे मी बघत होते. सगळी आपल्याकडचीच माणसं, टोपीवाले, पदरवाल्या, एक कॉलेजची पोरगी. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. इतक्या माणसांत मी एकालाही गाव विचारलं नाही, त्यावरून ओळखा मी किती आजारी होते.

मला वाटलं होतं डॉक्टर दुःखाबद्दल विचारतील. त्यांनी आनंदाबद्दल विचारलं. मधे कधी फार उत्साह आला होता का, झोप कमी झाली होती का, बोलणं वाढलं होतं का. मी दिवाळीचं सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "ते आणि हे एकच आहे. एकाच आजाराची दोन टोकं." आजाराचं नाव त्यांनी बायपोलर सांगितलं.

मी विचारलं, "मग ग्रामसभेत टाळ्या मिळाल्या त्या मला का आजाराला?"

त्या हसल्या. "चांगला प्रश्न आहे. मलाही त्याचं पक्कं उत्तर माहीत नाही. तुम्ही बऱ्या झालात की तुम्हीच सांगा."

निघताना त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली. या गोळीबरोबर पाणी भरपूर प्यायचं आणि जेवणातलं मीठ रोजच्यासारखं ठेवायचं, कमी करायचं नाही. कमी झालं तर गोळी अंगात साठते आणि विष होते. मधूनमधून रक्त तपासायला यायचं. मला गंमत वाटली. मी गावाचं दूध तपासते, आता माझं रक्त कुणीतरी तपासणार.

बीपी

परतताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात चहा घेतला. दत्तरावांनी कप बशीत उपडा केला आणि म्हणाले, "घरी काय सांगायचं?"

आमच्या दोघांच्याही डोक्यात त्या वेळी एकच नाव होतं, शीला. शीला माझी चुलत जाऊ, म्हणजे यांच्या चुलतभावाची बायको. आमच्याच गल्लीत राहायची. एका उन्हाळ्यात तिनं बोलणं सोडलं. ओसरीवर बसून स्वतःशी हसायची. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं नाटक आहे. शेवटी तिला गेवराईकडं माहेरी धाडलं, 'बरी झाली की आणू' असं म्हणून. आणायला कुणी गेलं नाही. चुलत दिरानं दुसरं लग्न केलं. शीलाचा मुलगा इकडेच राहिला, आणि आईबद्दल तो कधी काही विचारत नाही.

"मला धाडतेन का वं?" मी विचारलं.

"म्या हाय ना," दत्तराव म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आईला सांगू नको. बीपी हाय म्हनू. बीपी आता समद्यालाच आसतंय."

पल्लवीशिवायचं घर माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेलं होतं. मी मान हलवली. चहा प्यायला आणि खोटं पक्कं करून आम्ही निघालो.

आता गंमत बघा. माझ्या लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत आत्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं. त्या वाईट नाहीत. बोलणं तोडून टाकणारं, हात सतत कामात, आणि घरातलं पाणी त्यांच्या ताब्यात. टँकर यायचा, आडात पाणी सोडायचा, आम्ही शेंदून आणायचो आणि ते दारातल्या टिपाडात, म्हणजे मोठ्या पिंपात, पडायचं. टिपाडाला कुलूप. किल्ली आत्यांच्या कमरेला. गावात पाणी चोरीला जायला लागल्यापासून घरोघर हीच पद्धत. कुणाला किती पाणी लागतं हे आत्यांना तोंडपाठ असायचं.

या आत्यांना माझं बीपी कळलं आणि त्या पार बदलल्या. त्यांच्या एका बहिणीला बीपीनं अर्धांग झालं होतं. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की ही सून आपण तशी पडू द्यायची नाही. वरणाला फोडणी दिली की मीठ घालायच्या आधी माझ्यासाठी एका गंजात वरण वेगळं काढायचं. पिठलं वेगळं. येसराची आमटी वेगळी. भाकरीत तर तसंही मीठ नसतं. लोणचं बंद, पापड बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. "तुजं येगळं काडलंय गं," असं म्हणत त्या गंज माझ्याकडे सारायच्या. जेवताना समोर बसायच्या. पदरानं मला वारा घालायच्या.

ते अळणी वरण मी खात होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. गोळीला मीठ लागतं हे मला माहीत होतं. पण मला ती माया सोडवत नव्हती. बीपीवाल्या सुनेला मिळणारी माया येड्या सुनेला मिळेल का, हा प्रश्न मी रोज ताटावर बसून स्वतःला विचारायची आणि रोज घास गिळायची.

पदराच्या टोकाला मिठाची पुडी बांधून मी संस्थेत न्यायची. नमुने घेता घेता चिमूट तोंडात टाकायची. संस्थेच्या अध्यक्षीणबाईंनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "काय खातीस गं?" मी म्हटलं, "बडीशेप." खोट्याला पिल्लं होतात ती अशी.

आरोग्याच्या सिस्टरबाई गावात आल्या तेव्हा तर कहर झाला. आत्यांनी मला ओढत नेलं आणि बीपी मोजायला लावलं. बीपी अगदी ठीक निघालं. निघणारच होतं. आत्यांनी गल्लीभर सांगितलं, "माज्या अळनी जेवनानं उतरलं बगा!" दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या खऱ्या बीपीवाल्या बायका आत्यांकडे सल्ला विचारायला यायला लागल्या. दत्तराव आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. खूप दिवसांनी हसलो होतो, म्हणून तेव्हा ते बरंच वाटलं.

उन्हाळा

गोळ्यांनी मन ताळ्यावर आलं होतं, हे खरं. पल्लवीचे शब्द पुन्हा लगेच कळायला लागले होते. पण उन्हाळा चढला आणि टँकरच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हशी छावणीत होत्या, त्यांच्याबरोबर सासरे, म्हणजे मामा, तिकडेच मुक्कामाला. दत्तरावांना टेम्पो सोडून हलता येईना, आणि रक्त तपासायला बीडला जायचं राहून गेलं. पाणी जास्त मागावं तर आत्या विचारणार, कशाला. मी मागितलं नाही.

हात थरथरायला लागले. दुधाचा नमुना घेताना नळी मशीनच्या कडेवर टकटक वाजायची. आत्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या पद्धतीनं अर्थ लावला. बीपी वाढलं. मग त्यांनी माझ्या भाजीतलं उरलंसुरलं खारटही काढून टाकलं. जेवढी मी थरथरायची तेवढं जेवण अळणी व्हायचं, आणि जेवढं जेवण अळणी तेवढी मी थरथरायची. आम्ही दोघी अगदी मनापासून मला मारत होतो.

त्यातच टँकरच्या पाण्यानं गावाची पोटं बिघडली. मलाही जुलाब लागले. संस्थेत उभी असताना जमीन एका बाजूला कलली असं वाटलं. बोलायला गेले तर जीभ जड. लॅक्टोमीटर हातातून सुटून फुटला एवढं आठवतं. बायकांनी मला धरलं. कुणीतरी आत्यांना बोलावलं, दत्तराव टेम्पो घेऊन आले, आणि रिकाम्या कॅनच्या मधे सतरंजी टाकून मला बीडला नेलं.

मीठपाणी

दवाखान्यात त्याच डॉक्टर बाई आल्या. मी डोळे मिटून पडले होते, पण ऐकू येत होतं.

"जेवणात काय देता यांना?" त्यांनी विचारलं.

आत्यांनी छाती पुढे काढून सांगितलं असावं, आवाजावरून तसं वाटलं. "वरन-भाकर. पर मिठाचा खडा लागू दिला न्हाई बगा डॉक्टरीनबाई. म्हैने झाले, समदं अळनी. पानी बी बेतानंच."

मग डॉक्टर माझ्या कानाशी वाकल्या. "मंगल, यांना सांगू का? तुमची परवानगी असेल तरच."

मी मान हलवली. माझं सांगणं म्हणजे एवढंच, एक मान. बाकी सगळं डॉक्टर बोलल्या. बीपी नाही. मनाचा आजार आहे, औषधानं ताब्यात राहतो. औषधाला मीठ-पाणी लागतं, ते मिळालं नाही म्हणून औषध अंगात साठलं. यात तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्यांच्या पायांचा आवाज आला. त्या बाहेर व्हरांड्यात निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. आता शीलाच्या वाटेनं आपण.

बऱ्याच वेळानं त्या परत आल्या. सिस्टर सलाईनची बाटली बदलत होत्या. आत्यांनी बोटानं बाटली दाखवली. "ह्यात काय आसतंय वं?"

"सलाईन आहे, मावशी. मीठपाणीच म्हणा."

"मीठपानी?" आत्यांनी पुन्हा विचारलं. "निसतं मीठ आन् पानी?"

"हो."

त्या बाटलीखाली तशाच उभ्या राहिल्या. एक एक थेंब पडताना बघत होत्या. मग माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मारलं आस्तं की म्या तुला. माज्या हातानं. येगळं काडून काडून मारलं आस्तं."

मी जड जिभेनं म्हटलं, "तुमाला ठाव नव्हतं, आत्या."

"तेच तर इचारते! कावून ठाव नव्हतं?" मग त्यांनी दत्तरावांकडे तोंड फिरवलं. "दत्त्या, तुला म्या एवढी वंगाळ वाटले व्हय रं?"

दत्तराव खाली बघत होते. शेवटी म्हणाले, "शीलावैनीला धाडायचं चाललं तवा आपल्या वसरीवर बैठक झालती, आई. आसलं घरात नगं, लेकराबाळाचं घर हाय, हे कोन म्हनलं होतं?"

मला त्या क्षणी दत्तरावांचा राग आला, एवढ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं म्हणून. पण तो प्रश्न माझाही होता, फक्त विचारायची माझी छाती नव्हती.

"म्याच म्हनले होते," आत्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "हिला न्हाई धाडायची."

आत्यांची चौकशी

दवाखान्याचा दिवस लांब असतो. सकाळी झाडूवाली, मग रक्त काढणारा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर वर फिरणारा पंखा. बाकी बायका झोपायच्या. आत्या झोपायच्या नाहीत. खाटेखाली चटई टाकून बसायच्या आणि एकेक प्रश्न विचारायच्या. तेव्हा मला कळलं, घरात चौकस बाई मी एकटी नाही. त्यांना आजवर विचारायला कुणी जागाच दिली नव्हती.

"दिवाळीत तू घरोघर हिंडायलीस, तवा कसं वाटायचं गं?"

हा प्रश्न मला डॉक्टर सोडून कुणीही विचारला नव्हता. मी सांगितलं. आधी छान वाटायचं, मग इतकं छान की भीती वाटायची, पण थांबता यायचं नाही.

"आन् भिताडाकडं तोंड करून पडायचीस तवा?"

"तवा काहीच वाटायचं न्हाई, आत्या. पल्लवी जवळ आली तरी काही वाटायचं न्हाई. त्याचंच भ्याव वाटायचं."

"म्या समजले, तुजा माज्यावर राग हाय."

किती महिने त्या तसं समजून बसल्या होत्या आणि मला पत्ताही नव्हता. मी आजारी आहे हे मी लपवत होते, आणि आपली सून आपल्यावर रागावली आहे असं वाटतं हे त्या लपवत होत्या. एका घरात, एका चुलीवर.

मग त्या कामाच्या प्रश्नांवर आल्या. पुन्हा ते टाळ्यांचं यायला लागलं तर आधी काय दिसेल? मी म्हटलं, झोप कमी होईल, बोलणं वाढेल. "बोलनं तर तुजं एरवी बी वाडलेलंच आसतंय," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या खाटेवरची बाई झोपेतून हसली. शेवटी आम्ही ठरवलं, झोपेवर आत्या लक्ष ठेवतील आणि दिसेल ते मला तोंडावर सांगतील. मी चिडले तरी सांगतील. त्यांना हे काम आवडलं असावं.

तुम्हाला काही सांगायचं झालं तर मी हेच सांगीन. मला वाटायचं सांगणं म्हणजे एक मोठं वाक्य असतं, जे धीर गोळा करून एकदा बोलायचं असतं. तसं नसतं. समोरच्याला विचारू द्यायचं असतं. त्यांचे प्रश्न वेडेवाकडे असतात, कधी लागतात, पण प्रश्न विचारणारं माणूस दार लावून घेत नाही.

ज्यांना नाही पटलं

सगळंच गोड झालं असं समजू नका. बरी होऊन घरी आल्यावर मी छावणीत जाऊन मामांना स्वतः सांगितलं. ते म्हशीला वैरण टाकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बीपीला बी हल्ली काय काय नावं देतेत." मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, "बरं बरं. सावलीत बस. बीपीच्या मानसानं उनात उभारू नये." आज इतकी वर्षं झाली, मामा बीपीच म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत मात्र काळजी खरी असते, त्यामुळे मी वाद घालायचं सोडून दिलं आहे.

संस्थेत सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, फॅटचं मशीन हिच्या हातात कसं ठेवायचं. अध्यक्षीणबाईंनी तिला विचारलं, "तुज्या दुदात पानी निगालं तवा हिचं डोस्कं ठिकानावर होतं का न्हाई?" त्यावर सगळ्या हसल्या आणि मशीन माझ्याकडे राहिलं. ती बाई मात्र अजून माझ्या हातचा चहा घेत नाही.

टिपाडाची किल्ली आत्यांच्याच कमरेला राहिली. फक्त सकाळी एक तांब्या भरून त्या माझ्या पुढ्यात ठेवायच्या आणि रिकामा झाल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत.

गेवराईकडं

पुढच्या वर्षी पाऊस झाला. छावणी उठली, म्हशी घरी आल्या. एक दिवस आत्या म्हणाल्या, "शीलाकडं जाऊन येऊ." कशाला, असं मी विचारलं नाही. माझ्यासारखीनं विचारलं नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं.

शीला भावाच्या घरी होती. अंगणात तूर निवडत बसली होती. केस पिकले होते. तिनं आम्हाला ओळखलं, पण उठली नाही. आत्या तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"शीले, तवा तुला काय व्हत होतं गं?"

शीलानं सूप खाली ठेवलं. "आता इचारता व्हय?"

शीलानं सूप परत उचललं. तेवढंच. मला वाटलं आपण उगाच आलो, तिची जखम उगाच उकरली.

तिच्या भावजयीनं जेवायला बसवलं. वरण, भाकरी, वांग्याची भाजी. शीला आमच्या पंगतीला बसली, पण मान खाली. मी पहिला घास घेतला. वरणात मीठ अगदी कमी होतं, या घरातही कुणाचं तरी पथ्य असणार. आत्यांनी त्यांचा घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं, आणि भरल्या पंगतीत, परक्या घरात, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बाई, जरा मीठ आना. हिला मनाचा आजार हाय. गोळी चालू हाय, तिला मीठ लागतंय."

भावजय मीठ आणायला आत गेली. आत्यांनी घराबाहेर ते वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि माझे कान तापले होते.

शीलानं मान वर केली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, चेहऱ्यावरून हातांकडे आणि पुन्हा चेहऱ्याकडे.

"तुला बी?" ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. "मला बी."

ती तिचं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.